चौथ्या पेल्यातले चिंचोके

मला तलवारीतलं काही कळत नाही, हे मला जपानी भाषेत अकरा वेळा लेखी सांगण्यात आलेलं आहे. तेही इतक्या नम्रपणे, की पहिल्या खेपेला मला ते कौतुकच वाटलं होतं.

त्याचं असं झालं. पुण्याच्या एका कारखान्यात मी यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करायचे आणि त्या कामापायी काही वर्षं जपानमधल्या एका लहान गावात राहिले. त्या गावात अधूनमधून तलवारी ओळखायची स्पर्धा भरायची. पाच तलवारी मांडतात. मूठ काढून टाकलेली, आणि लोहाराची सही जिथे कोरलेली असते तो भाग कापडात गुंडाळलेला. आपण एकेक तलवार वाकून नमस्कार करून उचलायची, दिव्यासमोर धरून बघायची आणि चिठ्ठीवर लिहायचं, कुणाच्या हातची, कुठल्या काळातली. तोंडातून अक्षर काढायचं नाही. चिठ्ठी पंचांकडे जाते आणि उत्तर घेऊन परत येते: 'बरोबर', 'घराणं बरोबर' किंवा नुसतं 'नाही'. माझ्या चिठ्ठीवर ठरलेलं उत्तर असायचं, 'काळ चुकला'. कारण शेकडो वर्षांपूर्वीच्या पद्धतीने आजचे लोहारही तलवारी घडवतात, आणि अशा हुबेहूब घडवतात की त्यात नवी कुठली नि जुनी कुठली हेच मला उमगायचं नाही. मी नवीला जुनी म्हणायचे आणि जुनीला नवी.

पंच होते कावाबे-सान. एकाहून एक बारीक दगडांवर तलवार घासून तिला झळाळी आणायची, हा त्यांच्या घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. आता वय चौऱ्याहत्तर. "टाच बघा, शैला-सान, टाच," हे ते मला दर वेळी सांगायचे. नव्या तलवारीत मुठीजवळचा बोटभर भाग धार न लावता बोथट ठेवलेला असतो. जुनी तलवार पिढ्यान्‌पिढ्या पाजवून पाजवून झिजते आणि तो बोथट भागही धारेत मिसळून जातो. टाच बोथट दिसली की तलवार नवी, इतकं सरळ. पण नवे लोहार काय दूधखुळे असतात? त्यांना हे माहीत नसतं होय? त्यातलेही काही पठ्ठे ती टाच मुद्दाम घासून ठेवतात, आणि माझ्यासारखी बाई अलगद सापळ्यात सापडते.

तर हे कावाबे-सान यंदा हिवाळ्यात पुण्याला लेकीकडे आले. दोन दिवसांत त्यांची संग्रहालयं बघून झाली. मग म्हणाले, "काचेमागची पाती खूप बघितली. रोज वापरतात ती पाती कुठे बघायला मिळतील?" मी तडक माझ्या मैत्रिणीला, विजूला, फोन लावला. विजूची डहाणूला चिकूची वाडी आहे. ती म्हणाली, "अगं, इथे तर माणूस कंबरेला कोयता लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. घेऊन ये म्हाताऱ्याला!"

मसोली

विजूचं घर मसोलीत, डहाणू रोड स्टेशनापासून रिक्षाने जेमतेम दहा मिनिटांवर. पोचल्या पोचल्या कावाबे-सान वाडीत शिरले. झाडं गच्च, खाली गार सावली. आम्ही चहा टाकतोय तोवर त्यांनी हाताशी आलेला एक चिकू तोडला आणि सफरचंद खावं तसा कचकन चावला.

झाडावरचा कच्चा चिकू! त्याचा चीक ज्याच्या ओठांना लागलाय त्यालाच ती मजा कळेल. बिचाऱ्यांचे ओठ एकमेकांना असे चिकटले की बोलता येईना. नुसतेच माझ्याकडे डोळे मोठे करून बघतायत. विजू खोबरेल तेलाची वाटी घेऊन धावली. मी मात्र पायरीवर बसून पोट धरधरून हसत होते. अकरा वेळा मला 'काळ चुकला' म्हणणाऱ्या माणसाला दहा मिनिटं एक शब्द बोलता आला नाही, याचा आनंद मी का लपवू?

ओठ सुटल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल तर विजूच्या स्वयंपाकघरातली विळी मागितली. मग सुऱ्या, मग चिकूच्या फांद्या छाटायचा कोयता. सगळं टेबलावर ओळीने मांडलं आणि चष्मा कपाळावर सरकवून एकेक बघू लागले. विळी त्यांनी चटकन खाली ठेवली. कोयता मात्र ठेवेनात. खिडकीपाशी नेला, उलटा केला, सुलटा केला, नखाने टिचकी मारून कानाशी धरला.

"हा कुणी केला?"

"तलासरीच्या पलीकडे एका पाड्यावर सोनूबाबा म्हणून लोहार आहेत, त्यांचा," विजू म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे, मी घेतला त्यांच्याकडून. पण खरं सांगू का, त्यांचा हात दोन वर्षांपासून थरथरतो. घण उचलवत नाही त्यांना. आता त्यांची मुलगी मंदा करते, असं लोक म्हणतात."

मी ते जपानीत सांगितलं. कावाबे-सान म्हणाले, "हा थरथरत्या हाताचा नाही. उद्या जाऊ या."

"उद्या चिंचणीला ताजी मासळी मिळते. परवा जाऊ," विजू म्हणाली. वाडीही तिची आणि गाडीही तिची, तेव्हा तिचंच खरं झालं.

चिंचणी

चिंचणीला किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले होते आणि वास असा, की आपण परके आहोत हे दहा पावलांत कळतं. मला वाटलं, आता हे नाकाला रुमाल लावणार. कसलं काय! त्यांनी छातीभर श्वास घेतला आणि म्हणाले, "माझ्या आजीच्या घरी असाच वास यायचा." त्यांच्याकडेही मासे असेच उन्हात वाळवतात. पुढचा अर्धा तास ते एका मावशीसमोर उकिडवे बसून तिचं मासे कापणं बघत होते. मावशीचं पातं झिजून झिजून चंद्रकोरीएवढं उरलेलं, पण हलवा असा कापत होती की बघत राहावं.

"यांना तुमची विळी हातात घेऊन बघायचीय," मी म्हटलं.

मावशीने हात थांबवला नाही. "पापलेट घ्यायचं तर घ्या. विळी माझ्या सासूची हाय, ती काय दाखवायला ठेवलेली नाय."

मी भाषांतर केलं. कावाबे-सान लगेच उठले आणि विळीसमोर कंबरेत वाकले, तिकडे तलवारीसमोर वाकतात तसे. मावशी हसायला लागली. शेजारच्या दोघी हसायला लागल्या. "अगो, तुझ्या सासूच्या पाया पडतोय तो!" मग तिने पाणी मारून, पदराला पुसून विळी त्यांच्या हातात दिली. बदल्यात आम्हाला तीन पापलेटं घ्यायला लागली. रात्री विजूने ती तांदळाच्या भाकरीबरोबर वाढली, आणि कावाबे-सानांनी काटा नि काटा चाटून पुसून ताटाच्या कडेला रचला.

तलासरीच्या पुढचा पाडा

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तलासरीकडे निघालो. महामार्गाच्या कडेला मडकी उपडी घालून भोवती पाला पेटवलेला होता. आत पापडीच्या शेंगा, रताळी, कंद शिजत होते. त्याला इकडे सीमेलगत गुजरातीतल्यासारखं उबाडियू म्हणतात. पाणी नाही, तेल नाही, नुसती वाफ. द्रोणभर खाल्लं आणि आणखी द्रोणभर बांधून घेतलं, ते सोनूबाबांसाठी.

सोनूबाबांची भट्टी म्हणजे चार खांब, वर कौलं, मध्ये जमिनीत रुतवलेली ऐरण. म्हातारा हाताने पंखा फिरवत विस्तवाला वारा घालत होता आणि मंदा घण मारत होती. तिशीची असेल. पदर खोचलेला, केसांवर राख, दंड असे की मला माझ्या दंडांची लाज वाटली. आम्हाला बघून तिने घण ठेवला, ऐरणीला हात लावून कपाळाला लावला आणि मगच आमच्याशी बोलायला आली. कावाबे-सानांनी माझ्याकडे असं बघितलं की भाषांतराची गरजच पडली नाही.

कोयते ट्रकच्या जुन्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या, पोलादाचे. इथे कोयत्याशिवाय पान हलत नाही, पण सगळ्यात चोखंदळ गिऱ्हाईक म्हणजे ताडी काढणारे. ते सकाळ-संध्याकाळ ताडावर चढतात, एका हाताने झाडाला धरतात आणि दुसऱ्या हाताने फुलोऱ्याच्या देठाचा पातळ काप काढतात. काप सरळ गेला तर रस ठिबकत राहतो. पातं ओढलं गेलं, देठ फाटला, तर त्या दिवशीची ताडी गेली. आणि तेवढ्या उंचीवर मनगट दगावलं तर माणूसच जायचा.

"म्हणून माझा जीव घाबरतो," सोनूबाबा म्हणाले. "लोकं माझं नाव घेऊन येतात. पोरीचा कोयता देला आणि झाडावर काय झाला, तर मी काय तोंड दाखवू?"

मंदा मान खाली घालून म्हणाली, "मागल्या चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत कोयते मांडून बसले होते, ताई. बाबाचे कोयते सकाळीच गेले. माझे हातात घेत, विचारीत कुणाचा, आणि ठेवून देत. ओझं तसंच घरी आणलं." मग तिने सगळंच सांगितलं. तारापूरकडे एका कंपनीत पॅकिंगचं काम मिळत होतं. सोमवारी हो का नाही ते कळवायचं होतं. सोनूबाबांचं म्हणणं, तिने जावं. त्यांच्या हातचे उरलेले चार कोयते विकले गेले की भट्टी बंद.

"आणि तुला काय पाहिजे?" मी विचारलं.

"मला हेच पाहिजे," ती म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली.

आता माझा स्वभाव असा, की दुसऱ्याच्या घरात तोंड घालू नये हे मला दुसऱ्याच्या घरातून बाहेर पडल्यावर आठवतं. मी सोनूबाबांवर उखडले. म्हटलं, "अहो, नाव विचारून कोयता ठेवून देतात म्हणजे नावाला भितात, कोयत्याला नाही! नाव झाका आणि मग बघा. कुणाला ओळखू येतो का तिचा कोयता?" आणि जपानमधली ती स्पर्धा त्यांना हातवारे करून सांगितली.

म्हाताऱ्याने पंख्याचा दांडा सोडला, पोरीकडे बघितलं. मग म्हणाला, "चालेल. रविवारी ताडीवाल्यांना बोलावतो. त्यांना पोरीचा कोयता ओळखता नाय आला, तर भट्टी पोरीची. ओळखला, तर सोमवारी कंपनीत होय म्हणून कळवायचा. मग रडायचा नाय."

"चालेल," मंदा डोळे पुसत म्हणाली. मी मोठ्या दिमाखात 'चालेल' म्हटलं आणि मगच काय करून बसले ते मला उमगलं. ज्या खेळात मी अकरा वेळा तोंडावर आपटलेय, त्याच्यावर मी या पोरीचं आयुष्य लावून बसले होते.

विवळवेढे

पुढचा दीड दिवस कावाबे-सानांनी भट्टी सोडली नाही. ओळखू येणार नाही असे पाच कोयते तयार करायचे म्हणजे नवा-जुना गंज, काजळी, डाग सगळं एकसारखं व्हायला हवं, आणि ते काम त्यांच्या हातचं होतं. मंदाने कुणाचे कुठले ते न सांगता, मुठी काढून, मुठीतला भाग चिंध्यांनी बांधून पाच पाती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांत तिच्या आज्याने केलेला एक, सोनूबाबांचे तीन आणि तिचा स्वतःचा एक. तिने तो आज्याच्या झिजलेल्या कोयत्याचं माप घेऊन, मुद्दाम तसाच अरुंद घडवला होता. सोनूबाबांच्या तिनातला एक तर लहानूबाबाचा वापरातला होता. लहानूबाबा म्हणजे ताडीवाल्यांतला सगळ्यात जुना माणूस. 'पाजवून देते' असं सांगून तिने तो मागून आणला होता. कावाबे-सान मांडी घालून बसले, पिशवीतून आपले दगड काढले आणि घासायला लागले. चहा पुढे ठेवला तर चहा गार व्हायचा.

शनिवारी दुपारी मंदा मला म्हणाली, "ताई, महालक्ष्मीला जाऊन येऊ." विजूने गाडी काढली. देवळात त्या दिवशी गर्दी नव्हती. मंदाने नारळ फोडला, ओटी भरली, आणि हात जोडून बराच वेळ उभी राहिली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय मागितलंस गं?"

"पयलं बोलले, रविवारपुरते त्या सगळ्यांचे डोळे जाऊ दे."

"अगं बाई!"

"मग वाटलं, झाडावर चढणारी माणसं, त्यांचे डोळे जाऊन कसं चालंल? म्हणून परत घेतलं. आता काय मागितलं ते माझं मलाच नाय माहीत." आणि आम्ही तिघी देवळाच्या पायऱ्यांवर बसून उरलेलं खोबरं खात हसत राहिलो.

रविवार, परत पाड्यावर

सकाळी दहाच्या सुमारास ताडीवाले जमले. सातजण. प्रत्येकाच्या कंबरेला मागे लाकडी आकडी, आणि आज आकडीत कोयता नाही, कारण कोयते बाहेर ठेवायचे असं ठरलं होतं. मंदाच्या घराला लागून एक कुडाचं खोपट आहे. आत घोंगडीवर पाच पाती ओळीने मांडली, प्रत्येकासमोर एक स्टीलचा पेला, वर फडकं. एका कोपऱ्यात ताडाचे ताजे देठ, कापून बघायला. प्रत्येकाला एक चिंचोका. एकेकट्याने आत जायचं, हवं तसं बघायचं आणि जो कोयता मंदाचा वाटेल त्याच्यासमोरच्या पेल्यात फडक्याखालून चिंचोका टाकायचा. कुणीही बोलायचं नाही.

हा शेवटचा नियम पहिल्याच मिनिटाला मोडला. लहानूबाबा आत गेले आणि आतून ओरडले, "आरं, हा दोन नंबरचा तर माझाच हाय! पाजवायला देला होता ना मंदे तुला? चुलीत घातलास तरी वळखीन!"

बाहेर एकच हशा झाला. सोनूबाबा कपाळावर हात मारून म्हणाले, "गप रे, परीक्षा हाय ती!" पण ते म्हातारे आतच रेंगाळले. बाकीच्यांची पाळी आली तरी बाहेर येईनात. एका बाजूला बसून राहतो, बोलणार नाय, असं त्यांनी कबूल केलं, म्हणून आम्ही सोडून दिलं. बाहेरच्या गलक्यात ते बोल कावाबे-सानांना कुणी भाषांतर करून सांगितले नाहीत. मीही नाही, आणि ते मुद्दाम नव्हे, मी हसत होते.

जपानात पंच असलेल्या कावाबे-सानांना राहवेना. "मीही चिंचोका टाकू का?" त्यांनी विचारलं. पाती घासली होती त्यांनी, पण कुठलं कुणाचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मग मीही घेतला एक चिंचोका. झाले नऊ.

मी आत गेले. पाचही पाती अशी झळझळत होती की विळ्याकोयत्यांची नसून देवघरातली वाटावीत. लहानूबाबा कोपऱ्यात मिश्कीलपणे माझ्याकडे बघत बसलेले. दुसरा त्यांचाच, तो बाद. राहिले चार. एक नंबरचा हातात घेतला. किती गुळगुळीत, किती नेटका! हाच नवाकोरा. मी टाच बघितली, पाठ बघितली, काहीतरी कळल्यासारखी मान हलवली आणि चिंचोका पहिल्या पेल्यात टाकला.

शेवटचे कावाबे-सान. ते आत पाच मिनिटं होते. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर अगदी शांत समाधान.

मग मंदाने पेले बाहेर आणले आणि सोनूबाबांसमोर ठेवले. विजूने फडकी काढली.

पहिल्या पेल्यात एक चिंचोका. माझा.

"एक नंबर माझ्या आज्याचा," मंदा हळूच म्हणाली.

कावाबे-सान माझ्याकडे वळले, किंचित वाकले आणि म्हणाले, "काळ चुकला." म्हणजे बारावी वेळ.

दुसऱ्या पेल्यातही एकच चिंचोका. तो कुणाचा? सातही ताडीवाल्यांना दुसरा लहानूबाबांचा हे ऐकून माहीत होतं. कावाबे-सानांनी हळूच हात वर केला. "टाच सगळ्यांत बोथट आहे," ते ठामपणे म्हणाले. "दोन दिवस घासताना बघत होतो. नवं पातं."

मी ते मराठीत सांगितलं आणि ताडीवाल्यांत जो गदारोळ उठला! एकजण तर जमिनीवर लोळायचाच बाकी राहिला. दुसऱ्याने उठून आपला कोयता आणला आणि कावाबे-सानांसमोर धरला. त्याचीही टाच बोथट. तिसऱ्याचाही. "कंबरेला आकडीत मागे लावतो ना आमी," तो म्हणाला, "चढताना तो अंगाला घासतो. टाचेला धार लावली तर मागची बाजू कापून निघंल! जन्मभर पाजवला तरी टाचेला दगड लावत नाय." लहानूबाबांचा तो कोयता तीस वर्षांचा होता.

मी एकेक शब्द चवीचवीने जपानीत सांगितला. आणि शेवटी, अतिशय नम्रपणे, कंबरेत वाकून म्हटलं, "कावाबे-सान, काळ चुकला."

ते आधी गोंधळले. मग त्यांनी त्या माणसाची आकडी हातात घेतली, कोयता आत घालून बघितला, स्वतःच्या कंबरेला मागे हात लावून बघितला, आणि हसायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना दात दिसेपर्यंत हसताना बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईतो हसले.

पण मंदा हसत नव्हती. तिची नजर पुढच्या पेल्यांवर होती. तिसरा रिकामा. पाचवा रिकामा. आणि चौथ्यात सात चिंचोके.

चौथा तिचा होता.

सातपैकी सातांनी ओळखला होता. एकही चुकला नव्हता. सगळा हशा गपकन थांबला. मंदाने तो पेला बाजूला सारला आणि पदराने हात पुसत राहिली. सोनूबाबांना जिंकल्याचा काही आनंद झाला होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. "ठरलं ते ठरलं, पोरी," एवढंच ते पुटपुटले. आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी सांगितलं होतं मला शहाणपण करायला? त्या पोरीने माप घेऊन घडवलेलं पातं, त्या माणसाने बोटं सोलेपर्यंत घासलेलं, आणि शेवटी मी तिला कंपनीच्या दारात नेऊन उभी केली. मला कुणाकडे बघवेना.

तेवढ्यात खोपटातून लहानूबाबा बाहेर आले. हातात चौथं पातं. मूठ नाही, नुसत्या चिंध्या बांधलेल्या. दुसऱ्या हातात देठाचा एक काप. तो त्यांनी उजेडात धरला. पलीकडची बोटं दिसत होती.

"हा माझा," ते म्हणाले. "मूठ बसवून दे."

सोनूबाबा म्हणाले, "लहानू, तो पोरीचा हाय."

"माहीत हाय ना. पयला चिंचोका मीच टाकला त्यात."

"मग?"

"मग काय मग? तुझा कोयता हाताला खाली ओढतो, सोनू. तीस वर्सं ओढतो. तेव्हा मनगटात जोर होता, चालत होता. आता वर चढून दोन काप घेतले का मनगट ठणकतं. हा बघ, पुढं हलका ठेवलाय हिनं. हाताबरोबर येतो. आत बसून पुन्हा पुन्हा कापून बघत होतो, खरं का खोटं म्हणून."

"पण ठरलं होतं, वळखला तर..."

"काय ठरवलं तू! वळखला म्हणजे वाईट?" लहानूबाबांचा आवाज चढला. "तुझा कोयता आमी वळखत नाय? शंभरांत ठेव, वळखतो. म्हणून तर तुझ्या दारात येतो ना! ज्याचा वळखू येत नाय, त्याचा कोण घेतो?"

मी हे सगळं कावाबे-सानांना सांगत होते, पण शेवटचं वाक्य पुरं करायची वेळच आली नाही. त्यांना तेवढ्यावरून कळलं. ते पुढे झाले, मंदासमोर उभे राहिले आणि कंबरेत वाकले, बराच वेळ तसेच. तिला काय करावं कळेना, म्हणून तीही वाकली.

"मलापण असाच पाहिजे," मागून एकजण म्हणाला. "पुढं हलका."

"मला डावखुऱ्याचा, सोनूबाबा."

"मला लवकर लागंल हां, चैत्राच्या आत. कधी देता, सोनूबाबा?"

सोनूबाबा त्यांच्याकडे एकेक करून बघत राहिले. त्यांचा उजवा हात थरथरत होता, तो त्यांनी डाव्या हाताने धरला. मग म्हणाले, "माझ्याकडं काय बघता? भट्टी तिची हाय. तिला विचारा."

मंदाने पदराने तोंड पुसलं, नाक पुसलं, आणि सातही जणांकडे बघून म्हणाली, "रांगेत या. आणि आठ दिवसांच्या आत कुणालापण मिळणार नाय, आताच सांगते."